पाणमांजर आणि आंबोलीचा टोड: धोक्यातल्या दोन प्राण्यांची तुलना तक्त्यावर कशी मांडावी

शाळेच्या विज्ञानमेळ्यात किंवा गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात 'धोक्यात आलेले दोन प्राणी' हा तक्ता हमखास असतो. डावीकडे एक फोटो, उजवीकडे दुसरा, मध्ये रंग, आहार, निवास, पिल्ले अशा ओळी. वाचून कळतं ते एवढंच, की एक सस्तन आहे आणि दुसरा उभयचर. ते फोटो बघूनही कळलं असतं. तुलना करायची असते ती धोक्याची. इराकपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला प्राणी घटत का जातो? आणि एका डोंगरमाथ्यावर राहणारा प्राणी तिथे भरपूर दिसत असूनही धोक्याच्या यादीत त्याच्याहून वर का असतो? या दोन प्रश्नांची उत्तरं तक्त्यावर आली, तर बाकीच्या ओळी कमी असल्या तरी चालतं.

ग्वाल्हेरमधल्या मराठी विद्यार्थ्यांना आणि मंडळांना आम्ही पुढची जोडी सुचवतो: चंबळमधलं गुळगुळीत केसांचं पाणमांजर आणि सिंधुदुर्गातल्या आंबोलीचा टोड. पहिला प्राणी आपल्या दाराशीच आहे. मुरैन्यापुढचा राजघाटाचा पूल इथून साठेक किलोमीटरवर, आणि तिथली नदी राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येते. दुसरा दूरचा आहे, पण इथल्या कित्येक घरांची मुळं कोकणात आणि देशावर आहेत. आंबोली हे नाव ऐकलेलं माणूस प्रदर्शनात नक्की भेटतं आणि तक्त्यापाशी थांबतं. टोड हा बेडकांच्याच गणातला असल्यामुळे 'पाणमांजर आणि बेडूक' असा विषय दिलेला असेल तरी ही जोडी चालते.

आधी प्राणी नक्की करा

सगळ्यांत जास्त तक्ते इथेच फसतात. मजकूर एका प्राण्याचा, फोटो दुसऱ्याचा आणि आकडे तिसऱ्याचे.

पाणमांजराला हिंदीत ऊदबिलाव म्हणतात. ग्वाल्हेरची मुलं दोन्ही भाषांत शोधतात आणि 'ऊद' वरून उदमांजरापाशी पोचतात. उदमांजर झाडावर चढणारं, फळं खाणारं निशाचर जनावर आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही. फोटोत बोटांमधला पडदा, आखूड पाय आणि बुडाशी जाड असलेली शेपटी दिसते का ते पाहा. भारतात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत: गुळगुळीत केसांचं, युरेशियन आणि लहान नखांचं. चंबळमध्ये दिसतं ते पहिलं, शास्त्रीय नाव लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा. अंगाचे केस आखूड आणि चकचकीत, शेपटी टोकाकडे चपटी. युरेशियन पाणमांजर मध्य प्रदेशातच सातपुड्याच्या जंगलात आहे, म्हणून 'मध्य प्रदेशातलं पाणमांजर' एवढ्यावर फोटो उचलू नका. समुद्री पाणमांजराचे आकडे तर मुळीच घेऊ नका. पाठीवर तरंगत दगडाने शिंपले फोडणारं ते प्रशांत महासागरातलं जनावर आहे, चंबळचं पाणमांजर असं काही करत नाही.

टोडच्या बाबतीत फसगत आणखी सोपी आहे. आंबोलीच्या टोडचं शास्त्रीय नाव झँथोफ्रायनी टायगरिना. पहिल्या पावसात ग्वाल्हेरच्या डबक्यांत पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा बेडूक म्हणजे हॉप्लोबॅट्राकस टायगरिनस. दोन्ही नावांत वाघ आहे, पण प्राणी पूर्ण वेगळे. आंबोलीचा टोड तीन-चार सेंटिमीटरचा असतो, हा बेडूक पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. तुमच्या आकड्यांत टोडची लांबी दोन अंकी दिसली तर समजा, दुसऱ्याच बेडकाचं पान उघडलं आहे. त्या मोठ्या बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारतातून १९८७ पर्यंत होत असे, मग बंदी आली. तरीही आंतरराष्ट्रीय यादीत तो आज धोक्यातल्या गटात नाही. ही माहिती आंबोलीच्या टोडखाली छापलेली दिसते आणि ती सपशेल चूक आहे. आंबोलीच्या टोडला शास्त्रीय नाव मिळालं तेच २००९ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही पुस्तकात तो या नावाने सापडणार नाही.

दर्जा लिहिताना कसोटीही लिहा

आययूसीएन म्हणजे निसर्ग संरक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या लाल यादीत धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत: असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त. गुळगुळीत केसांचं पाणमांजर 'असुरक्षित' आहे, आंबोलीचा टोड 'अतिसंकटग्रस्त'. म्हणून दोघांच्या डोक्यावर 'दोन संकटग्रस्त प्राणी' असं शीर्षक देऊ नका, ते दोघांच्याही बाबतीत खोटं ठरतं. 'धोक्यातले' हा शब्द तिन्ही पायऱ्यांना चालतो.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. मग बघणारा विचारतो, 'म्हणजे टोड पाणमांजरापेक्षा जास्त कमी झाले का?' तसं नाही. दोघांना दर्जा मिळाला तो वेगवेगळ्या कसोट्यांवर, आणि तक्त्याचा गाभा तोच आहे.

पाणमांजर मोजलं गेलं घटीच्या कसोटीवर. घटीची कारणं थांबलेली नसतील, तर गेल्या तीन पिढ्यांत किंवा दहा वर्षांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ३० टक्के किंवा अधिक घटली तर असुरक्षित, ५० टक्के तर संकटग्रस्त, ८० टक्के तर अतिसंकटग्रस्त. प्राणी अजून कितीही ठिकाणी असो, उतार किती वेगाने चालला आहे हे इथे बघतात.

टोड मोजला गेला जागेच्या कसोटीवर. जातीने प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र २,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर असुरक्षित, ५०० पेक्षा कमी तर संकटग्रस्त, १० पेक्षा कमी तर अतिसंकटग्रस्त. जात जिथे जिथे आढळते त्या सगळ्या जागांभोवती हद्द आखून आतलं क्षेत्र मोजलं तर हेच आकडे २०,०००, ५,००० आणि १०० होतात. नुसती जागा लहान असून भागत नाही. ती जागा मोजक्याच ठिकाणांपुरती उरलेली असणं, अधिवासाची प्रत सतत ढासळत असणं अशा अटीही जोडलेल्या असतात. त्यामुळे पावसाळी रात्री आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पंधरा टोड दिसले तरी दर्जा बदलत नाही. ते पंधरा तिथे आहेत आणि इतरत्र कुठेच नाहीत, हा मुद्दा आहे.

तक्त्यावर हे दोन रकान्यांत सारखं भरू नका. दोन आडव्या पट्ट्या काढा. पहिल्या पट्टीवर घटीचं प्रमाण ० ते १०० टक्के, खुणा ३०, ५० आणि ८० वर. दुसरीवर क्षेत्र, खुणा २,०००, ५०० आणि १० वर. दुसरी पट्टी साध्या मापाने काढली तर १० ची खूण शून्याला चिकटते आणि दिसतच नाही. म्हणून प्रत्येक खूण आधीच्या दसपट घ्या, म्हणजे १, १०, १००, १,०००, १०,००० या समान अंतरावर, आणि '२,०००' व '५००' त्यांच्यामध्ये बसवा. दहावीच्या मुलाला हे जमतं. सातवीचा असेल तर तीन खुणांचे तीन वेगळे चौकोनच काढून द्या.

कायद्याचा रकाना

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि सहा अनुसूचींच्या चार झाल्या. जुन्या पुस्तकात बेडकांसाठी 'अनुसूची ४' लिहिलेलं असतं. आज अनुसूची ४ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या जाती येतात, म्हणजे जुना आकडा जसाच्या तसा उतरवला की अर्थच बदलतो. दुरुस्त कायद्याची यादी उघडूनच हा रकाना भरा. वेळ नसेल तर रकाना गाळा, अर्धवट भरू नका. पाणमांजराच्या बाजूला मात्र एक नोंद जरूर हवी: २०१९ मध्ये ही जात साइट्सच्या, म्हणजे याच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात गेली, म्हणजे तिच्या कातडीचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. आखूड, दाट केसांच्या कातडीसाठी पाणमांजरं मारली जात, आणि हे कारण टोडला अजिबात लागू नाही.

नकाशा: दोघांना एकच माप

दोन वेगळ्या मापांचे नकाशे शेजारी लावले की दोन्ही प्राणी सारखेच पसरलेले वाटतात. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर हे माप दोघांना ठेवा. अभयारण्यातला चंबळचा चारेकशे किलोमीटरचा पट्टा या मापाने चाळीस सेंटिमीटर लांब निळी रेघ होतो. दहा चौरस किलोमीटरचा चौकोन तीन मिलिमीटर बाजूचा. तो हाताने काढू नका, ग्राफ पेपरचा तीन बाय तीन मिलिमीटर-घरांचा चौकोन कापून लाल रंगवून चिकटवा. चाळीस सेंटिमीटरची रेघ हा पाणमांजराचा एक तुकडा आहे, हे रेघेखाली लिहा. नाहीतर वाचणारा तेवढंच त्याचं घर समजतो. लाल चौकोनाखाली लिहा: 'अतिसंकटग्रस्त ठरण्याची मर्यादा, याहून कमी.'

टोडचं क्षेत्र तज्ज्ञ दोन बाय दोन किलोमीटरच्या घरांनी मोजतात, म्हणजे एक घर चार चौरस किलोमीटरचं. दहाच्या मर्यादेत अशी दोनच घरं पूर्ण बसतात. प्रदर्शनात हे तोंडी सांगायला ठेवा, ऐकणाऱ्याला लगेच पोचतं.

चित्रं खऱ्या आकारात

पाणमांजराचं डोकं आणि धड मिळून साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर, शेपटी आणखी ४० च्या आसपास, वजन ७ ते ११ किलो. १:५ मापाने काढलं तर पाणमांजर २१-२२ सेंटिमीटरचं होतं आणि टोड सात मिलिमीटरचा ठिपका. म्हणून दोघंही १:१ मापानेच काढा. ५६ बाय ७१ सेंटिमीटरचे दोन ड्रॉइंग शीट लांब बाजूने ओळीत जोडले की १४२ सेंटिमीटर मिळतात आणि शेपटीसकट पाणमांजर मावतं. जोड मागून ब्राउन टेपने द्या. पुढून सेलोटेप लावली तर तिच्यावर पोस्टर कलर धरत नाही. टोड त्याच कागदावर, पाणमांजराच्या पुढच्या पंजाशेजारी काढा, आणि बाजूला वर्तुळात पाचपट मोठा: पिवळसर तपकिरी अंग आणि कडेचे पट्टे. वर्तुळाखाली 'पाचपट' लिहायला विसरू नका.

कारणांच्या साखळ्या

'प्रदूषण, शिकार, अधिवास नष्ट होणे' हे तीन शब्द कुठल्याही प्राण्याखाली चालतात, म्हणून ते काहीच सांगत नाहीत. प्रत्येक कारणाची तीन दुव्यांची साखळी करा: काय घडतं, त्याने पाण्यात किंवा जमिनीवर काय बदलतं, आणि त्याने या प्राण्याचं नेमकं काय अडतं.

पाणमांजराच्या चार साखळ्या पुरतात. गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बॅरेज यांत पाणी अडतं. खाली उन्हाळ्यात धार बारीक होते आणि डोह उथळ होतात. मासे कमी होतात आणि काठावरची बिळं पाण्यापासून दूर, उघडी पडतात. दुसरी, वाळूउपसा: ट्रॅक्टर काठावर उतरतात, किनाऱ्याची माती-वाळू जाते, बीळ करायला आणि अंग कोरडं करायला जागा उरत नाही. तिसरी जाळ्यांची. पाणमांजराचं मुख्य खाणं मासे, मासेमाराचंही तेच. ते जाळ्यातला मासा ओढतं, जाळं फाटतं, माणसाचा राग त्याच्यावर जातो. शिवाय जाळ्यात अडकलेलं पाणमांजर बुडून मरतं, कारण त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं. चौथी साखळी शेतातून येते. कीटकनाशकं पावसाबरोबर नदीत, तिथून किड्यांत, लहान माशांत, मोठ्या माशांत जातात, आणि दर पायरीला त्यांचं प्रमाण अंगात साठत वाढतं. पाणमांजर सगळ्यांत वरच्या पायरीवर आहे.

टोडच्या साखळ्यांत दुवे लहान आणि वेळ कमी. तो विणीसाठी येतो पहिल्या पावसात, आणि अंडी घालतो सड्यावरच्या जांभ्या दगडातल्या उथळ, तात्पुरत्या डबक्यांत. पाऊस सुरू होऊन मध्येच खंड पडला, की डबकं आटतं आणि त्यातली सगळी टोडपिल्लं एकदम जातात. ज्या आंबोलीत वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पाण्यावाचून पिल्लं मरतात, हे बघणाऱ्याला पटत नाही. म्हणून 'एकूण पाऊस' आणि 'सलग पाऊस' यातला फरक इथे एका ओळीत सांगा. दुसरी साखळी रस्त्याची: वर्षासहलीचा हंगाम आणि विणीचा हंगाम एकच, ओल्या रात्री टोड रस्ता ओलांडतात, गाड्यांखाली येतात ते नेमके वीण करू शकणारे प्रौढ. तिसरी, सड्यावरच्या जमिनीची: जांभा काढला, बांधकाम झालं, गाडी चढवली की डबक्याची खळगी बुजते किंवा तिच्यात तेल-कचरा उतरतो. सडा ओसाड दिसतो, त्यामुळे त्याचं काही बिघडतं हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

बेडकांच्या कातडीला रोग करणारी चिट्रिड बुरशी कारण म्हणून टाकायचा मोह होईल. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तिने बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या हे खरं. पश्चिम घाटातही ती सापडली आहे, पण तशी सामूहिक मर इथे नोंदलेली नाही. पनामाची गोष्ट आंबोलीच्या नावावर लिहू नका. जागतिक संदर्भ हवा असेल तर हा घ्या: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८,०११ उभयचर जातींचा दर्जा तपासला गेला आणि त्यांतल्या सुमारे ४१ टक्के धोक्यात निघाल्या.

साखळ्या काढून झाल्या की दोन्ही बाजूंना सामाईक असा एक दुवा शोधा आणि त्यालाच जाड रेघेने जोडा. या जोडीत तो आहे पाण्याची वेळ. चंबळमध्ये उन्हाळ्यातली धार, आंबोलीत जूनमधला सलग पाऊस. उगाच आणखी रेघा ओढू नका. एक खरी रेघ पाच ओढूनताणून आणलेल्या रेघांपेक्षा जास्त वेळ लोकांना तक्त्यापाशी थांबवते.

चंबळवर खुणा बघायला जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. मार्च-एप्रिलमध्ये घडियाल वाळूत अंडी घालतात, मग पाणचिरे घरटी करतात, त्या दिवसांत वाळूच्या पट्ट्यांवर उतरणं म्हणजे दुसऱ्या दोन जातींचं नुकसान. वनखात्याच्या परवानगीने, त्यांच्याच नावेतून जा आणि सकाळी लवकर जा. मगरी आहेत, काठाशी पाण्यात पाय सोडून बसू नका.

पाणमांजर दिसेलच असं नाही, खुणा मात्र दिसतात. पाण्याजवळच्या उंच दगडावर किंवा वाळूच्या उंचवट्यावर अख्खा गट एकाच जागी विष्ठा टाकतो. ताजी काळपट, चिकट आणि माशाच्या तीव्र वासाची. जुनी होते तशी पांढुरकी, भुसभुशीत, नुसते खवले आणि काटे उरलेली. तिथून काही उचलू नका, अभयारण्यातून नमुना घ्यायला वेगळी परवानगी लागते. फोटो घ्या, शेजारी पंधरा सेंटिमीटरची फूटपट्टी ठेवून आणि कॅमेरा सरळ वरून धरून. तिरका फोटो मापाला निरुपयोगी. पाऊलखुणेत बोटं मोजा: पाच असतील तर पाणमांजराची शक्यता, चार असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा मांजरवर्गातलं जनावर. कोरड्या वाळूत पाचवं बोट उमटत नाही, म्हणून ओल्या कडेवरचाच ठसा धरा.

टोडसाठी आंबोलीला जायची गरज नाही, आणि विणीच्या रात्री मुलांचा घोळका सड्यावर नेऊ तर मुळीच नये. अंड्यापासून शेपूट गळेपर्यंतच्या अवस्था ग्वाल्हेरमध्येच साध्या बेडकाच्या डबक्यावर जुलैत बघता येतात. डबक्यातून काही घरी आणू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पिल्लांना मारतं, आणि डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने बेडूक धरला तर ते त्याच्या कातडीतून आत जातं. तक्त्यावर त्या अवस्थांखाली 'ग्वाल्हेरचा साधा बेडूक, नमुन्यादाखल' असं स्पष्ट लिहा.

अक्षरं आणि शेवटची तपासणी

शीर्षकाची अक्षरं चार सेंटिमीटर, मजकुराची किमान एक. एका बाजूला दोनशेपेक्षा जास्त शब्द झाले तर कापा. येणाऱ्यांत हिंदी वाचणारेही असतात, तेव्हा प्राण्यांची नावं खाली हिंदीत द्या, पण शास्त्रीय नावासकट, नाहीतर पुन्हा उदमांजराचा गोंधळ होतो.

दर्जा आणि कायदा हे दोन रकाने थेट शीटवर रंगवू नका. वेगळ्या कागदी पट्टीवर लिहून चारही कोपऱ्यांना फोटो कॉर्नर लावून बसवा, आणि पट्टीवर ती यादी कोणत्या वर्षीची ते टाका. पाणमांजर दाखवायचा चांगला दिवस म्हणजे मे महिन्यातला शेवटचा बुधवार, तो जागतिक पाणमांजर दिन असतो. तेव्हा लावलेला तक्ता सप्टेंबरात गणपतीसाठी पुन्हा काढलात, तर आधी आययूसीएनचं पान उघडून दोन्ही पट्ट्या ताडून घ्या. वर्ष बदललेलं असेल तर पट्टी बदला.